आधी कोणाला बसवायचे?

खुर्च्या मांडण्याचा इतिहास हा व्याख्यानाचा विषय होऊ शकतो, असे म्हटले की पुष्कळांना हसू येते. गणित म्हटले म्हणजे ग्रहणांची भाकिते, धरणांचे आराखडे, विम्याचे हप्ते, असे भारदस्त काहीतरी डोळ्यांपुढे येते. पण ज्याने चार सभा भरवल्या आहेत त्याला ठाऊक आहे की सभेतले निम्मे रामायण भाषण सुरू होण्यापूर्वीच, कोण कोणाशेजारी बसणार यावर घडून गेलेले असते. व्हिएटनाममधले युद्ध थांबवण्यासाठी १९६८ च्या अखेरीस पॅरिसला मंडळी जमली, तेव्हा टेबल चौकोनी असावे की गोल, यावरच वाटाघाटी अडल्या आणि तो वाद मिटायला १९६९ चा जानेवारी उजाडला. शेवटी एक मोठे गोल टेबल आणि बाजूला दोन लहान चौकोनी टेबले, असा तोडगा निघाला. तोवर युद्ध चालूच होते. तेव्हा हा विषय पोरखेळाचा आहे असे आम्ही मानीत नाही.

आम्ही कोणत्याही महाविद्यालयात गणित शिकलेलो नाही. जे काही मिळवले ते ग्रंथालयाच्या बाकावर, रात्रीच्या वेळी, एकेक पान तीनतीनदा वाचून. म्हणून आजचा विषयही बाकापासूनच सुरू करतो.

एका बाकावर पाच माणसे बसवायची आहेत. पहिल्या जागेवर पाचांपैकी कोणीही, दुसऱ्या जागेवर उरलेल्या चारांपैकी कोणीही, पुढे तीन, दोन, एक; म्हणजे ५ × ४ × ३ × २ × १ = १२० तऱ्हा झाल्या. इथवर सरळ रस्ता आहे. आता अट घाला की या पाचांपैकी दोघांचे भांडण आहे आणि ते शेजारी बसणार नाहीत. रोज सभा भरवणारा माणूस अशा वेळी उलटा विचार करतो: ते शेजारी बसले तर किती तऱ्हा होतील? दोघांची मोट बांधली की बसवायला चारच 'माणसे' उरली. त्यांच्या २४ तऱ्हा, आणि मोटेतल्या मोटेत डावा-उजवा बदलून दुप्पट, म्हणजे ४८. एकूण १२० मधून ४८ वजा केले की ७२ उरतात. पण दुसरीही एक वाट आहे. आधी भांडण नसलेले तिघे बसवा. त्याच्या ६ तऱ्हा. त्या तिघांच्या मध्ये आणि दोन्ही टोकांना मिळून चार फटी राहतात. भांडखोरांपैकी पहिल्याला चारांतली एक फट, दुसऱ्याला उरलेल्या तिनांतली एक, म्हणजे १२ तऱ्हा. ६ × १२ = ७२. उत्तर तेच. पहिली वाट वजाबाकीची आहे. दुसऱ्या वाटेचे सारे मर्म 'आधी कोणाला बसवायचे' यात आहे. आज जी हकीकत सांगायची आहे, ती याच दोन वाटांची.

टेबल गोल झाले की आणखी एक गंमत होते. गोल टेबलाला वरचे टोक नसते. सगळे जण एकेक खुर्ची सरकले तरी प्रत्येकाचे शेजारी तेच राहतात, म्हणून ती मांडणी नवी मानायची नाही. सहा माणसांच्या बाकावर ७२० तऱ्हा होतात, गोल टेबलाभोवती १२०. आमच्या धंद्यातला हिशोब पाहा: तीन कामगार प्रतिनिधी आणि तीन मालकांचे प्रतिनिधी. आपापला गट धरून बसले तर ३६ तऱ्हा होतात. एकाआड एक बसले तर फक्त १२. भिंतीसारखे समोरासमोर बसणे मिसळून बसण्याच्या तिपटीने सोपे आहे, निदान अंकगणितात तरी! कारखान्यातल्या समितीवर कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी नसावेत, अशी तरतूद १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्याने केली. खुर्च्या कशा मांडाव्यात याबद्दल मात्र कायद्याने काही सांगितले नव्हते, आणि आमचा अनुभव असा की गरम चहा कुठल्या बाजूला आधी पोचतो हे त्यावरच ठरते.

मांडण्या मोजण्याची ही विद्या आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे ११५० साली, लीलावती लिहिली. तिच्या शेवटाकडे 'अंकपाश' नावाचे प्रकरण आहे. चाळीसगावाजवळच्या पाटण येथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, याची साक्ष तिथला शिलालेख देतो. म्हणजे हे प्रकरण खानदेशात आठशे वर्षांपूर्वी पोरे घोकत असणार. त्यात विचारले आहे की शंकराच्या दहा हातांत पाश, अंकुश, सर्प, डमरू अशी दहा आयुधे आहेत. ती या हातातून त्या हातात बदलली तर शंकराची रूपे किती होतील? उत्तर ३६,२८,८००. आणि विष्णूच्या चार हातांत गदा, चक्र, कमळ, शंख. त्याची रूपे २४. याच प्रकरणात आचार्य अटींच्या प्रांतातही शिरतात. पाच स्थानांची अशी संख्या हवी की तिच्या अंकांची बेरीज १३ व्हावी आणि शून्य कुठेच नसावे. अशा संख्या किती? ४९५. ही एकेक लिहून मोजण्याची बाब नव्हे. तेरा खडे ओळीत मांडा. त्यांच्यामध्ये बारा फटी आहेत. त्यांतल्या चार फटींत काड्या उभ्या करा म्हणजे पाच ढीग झाले. बारांतून चार निवडण्याच्या तऱ्हा ४९५. पुन्हा फटीच! आचार्यांनी नियम दिला आहे, खड्यांची युक्ती आमच्या सोयीची.

पण 'अमक्याने तमक्या जागी बसू नये' अशी जी खास मनाईची अट, तिचा पद्धतशीर हिशोब युरोपात आणि तोही जुगाराच्या अड्ड्यावर सुरू झाला. पिएर द मोंमोर नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १७०८ साली पत्त्यांच्या आणि फाशांच्या खेळांवर एक ग्रंथ छापला. त्यात 'तेरा' नावाचा खेळ आहे: एक, दोन, तीन म्हणत पाने उलटायची, म्हटलेला आकडा आणि उलटलेले पान एकदा तरी जुळले की वाटणारा जिंकला. एकदाही न जुळण्याच्या तऱ्हा किती? निकोलस बर्नुलीशी त्याचा या प्रश्नावर पत्रव्यवहार झाला आणि १७१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत उत्तराची रीत आली.

पत्त्यांऐवजी आपण जेवणाचे डबे घेऊ. चार कामगारांचे चार डबे एका फळीवर आहेत. अंधारात प्रत्येकाने एकेक उचलला. कोणालाही स्वतःचा डबा मिळाला नाही, असे किती तऱ्हांनी होईल? एकूण तऱ्हा २४. यातून पहिल्याला स्वतःचा डबा मिळालेल्या ६, दुसऱ्याला मिळालेल्या ६, अशा चौघांच्या मिळून २४ वजा केल्या, तर शून्य उरले! हे खोटे, हे उघड आहे. चूक कुठे झाली? ज्या तऱ्हेत दोघांना आपापले डबे मिळाले, ती आपण दोनदा वजा केली. दंड एकदाच व्हायचा होता, दोनदा कापला गेला. म्हणून परत द्या: चारांतून दोघांच्या जोड्या ६, प्रत्येक जोडीमागे २ तऱ्हा, म्हणजे १२. पण आता तिघांचे डबे जुळलेल्या तऱ्हांना आपण जास्तीचे परत दिले. त्या ४ पुन्हा कापा. शेवटी चौघांचे जुळले ती १ परत द्या. २४ − २४ + १२ − ४ + १ = ९. पगारपत्रकात चुकीची कपात, तिची परतफेड, परतफेडीतली जास्तीची रक्कम पुन्हा वळती, असा जो घोळ महिनोन्‌महिने चालतो, त्याचेच हे शुद्ध रूप आहे. फरक एवढाच की गणितात तो घोळ कधीतरी संपतो.

यानंतर दीडशे वर्षे ओलांडून आपण स्कॉटलंडात जाऊ. एडिंबरोचा पीटर गथ्री टेट हा पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक दोरीच्या गाठी मोजत बसला होता. वेळ जात नव्हता म्हणून नव्हे. त्याचा मित्र विल्यम टॉमसन, जो पुढे लॉर्ड केल्व्हिन झाला, त्याने १८६७ साली असे मांडले होते की सगळे विश्व ईथरने भरलेले आहे आणि अणू म्हणजे त्या ईथरमधल्या गाठी मारलेल्या भोवऱ्यांची वेटोळी. मग जितक्या तऱ्हेच्या गाठी तितकी मूलद्रव्ये! गाठींची यादी करताना, १८७६-७७ च्या सुमारास, टेटला प्रश्न पडला तो असा: काही अक्षरे एका ओळीत मांडायची, पहिल्या अक्षराने पहिल्या वा दुसऱ्या जागी बसायचे नाही, दुसऱ्याने दुसऱ्या वा तिसऱ्या, आणि असेच करत शेवटच्याने शेवटच्या वा पहिल्या जागी बसायचे नाही. प्रत्येकाला दोनदोन जागांची मनाई. त्याने मित्रांना विचारले आणि १८७८ मध्ये आर्थर केली व टॉमस म्यूर यांनी एका पायरीवरून दुसरीवर चढत जाण्याची रीत काढून दिली. भोवऱ्यांचा अणुवाद पुढे निकालात निघाला. गाठींचे गणित आणि मनाईचे गणित मागे राहिले. आगगाडी चुकली तरी हमालाच्या डोक्यावर सामान राहते, तसे.

हाच प्रश्न टेटच्या कामाशी काही संबंध नसताना फ्रान्समध्ये जेवणाच्या टेबलावर आला. एदुआर ल्यूका हा १८४२ साली आमियां येथे जन्मला, १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात तोफखान्यात अधिकारी होता, आणि नंतर पॅरिसच्या विद्यालयांत मुलांना गणित शिकवीत असे. ३९ अंकी एक संख्या मूळसंख्या आहे हे त्याने १८७६ साली कागद-पेन्सिलीवर सिद्ध केले; लाकडी चकत्या एका खुंटीवरून दुसरीवर नेण्याचे 'हानोईचा मनोरा' हे जे खेळणे आपल्याकडेही मुलांच्या हातात असते, ते त्यानेच १८८३ मध्ये काढले. १८९१ साली त्याचा अंकशास्त्रावरचा ग्रंथ निघाला आणि त्यात हा प्रश्न होता: काही जोडपी गोल टेबलाभोवती जेवायला बसली आहेत, स्त्री आणि पुरुष एकाआड एक बसले पाहिजेत, पण कोणाही पतीने आपल्या पत्नीशेजारी बसायचे नाही. अशा तऱ्हा किती?

ही त्यांच्याकडची रीत. आपल्या पंगतीत अटी निराळ्या होत्या, आणि त्या खूपच कडक होत्या. त्यांचे थोडे पुढे बोलू.

ल्यूकाचे त्याच वर्षी निधन झाले, आणि तेही मेजवानीतून. मार्सेय येथे विज्ञानपरिषदेच्या मेजवानीत वाढप्याच्या हातून चिनी मातीची भांडी पडली, फुटलेल्या थाळीचा एक तुकडा उडून ल्यूकाच्या गालाला लागला, जखम चिघळली आणि ३ ऑक्टोबर १८९१ रोजी, वयाच्या अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षी, तो गेला. ही हकीकत सांगताना 'वाढप्याच्या हातून' हे शब्द हटकून येतात. एका हातावर किती थाळ्यांची उतरंड द्यायची, हे मोठ्या मेजवानीत वाढपी स्वतः ठरवीत नसतो, एवढे आम्ही आमच्या धंद्याला स्मरून म्हणून ठेवतो.

प्रश्नाकडे वळू. खुर्च्यांना क्रमांक आहेत असे धरा. सुसंस्कृत रिवाजाप्रमाणे आधी स्त्रियांना बसवायचे. तीन जोडपी असतील तर खुर्च्या सहा, स्त्रियांनी विषम क्रमांकाच्या घ्यायच्या की सम, हे दोन प्रकार, आणि त्यांच्यात आपसांत ६ तऱ्हा, मिळून १२. आता पुरुष. प्रत्येक मोकळी खुर्ची दोन स्त्रियांच्या मध्ये आहे. त्या दोघींचे पती तिथे चालत नाहीत, म्हणून तिसरीचाच पती तिथे बसणार. निवड एकच. उत्तर १२. चार जोडपी घ्या. स्त्रिया बसल्या, त्याच्या ४८ तऱ्हा. पहिल्या मोकळ्या खुर्चीवर दोघेच पुरुष चालतात. त्यांतला एक बसवला की बाकीच्यांची जागा आपोआप ठरत जाते. म्हणजे पुरुषांच्या २ तऱ्हा, आणि उत्तर ९६. घरी गेल्यावर सुपाऱ्या आणि लवंगा घेऊन हे करून पाहावे. इथवर कोणालाही वाटेल की पुढचेही असेच सुटेल. पण पाच जोडप्यांना पुरुषांच्या तऱ्हा १३ होतात, सहांना ८०, सातांना ५७९. १, २, १३, ८०, ५७९: या आकड्यांत डोळ्यांना दिसेल असा काही नेम नाही. स्त्रिया बसून गेल्या आहेत, आता प्रत्येक पुरुषाला दोन खुर्च्या वर्ज्य. डब्यांच्या हिशोबात एकच वर्ज्य होती. कपात आणि परतफेडीचा घोळ इथे भलताच वाढतो, कारण एकाची वर्ज्य खुर्ची शेजारच्याचीही वर्ज्य आहे.

जाक तुशार याने १९३४ साली या प्रश्नाचे थेट सूत्र जाहीर केले, पण सिद्धता दिली नाही. ती १९४३ मध्ये आयर्विंग कॅप्लान्स्की याने दिली. पोलंडातून कॅनडात आलेल्या एका शिंप्याचा हा मुलगा तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. त्याची युक्ती आम्हाला फार आवडते, कारण तीत डामडौल काही नाही: वर्तुळात मांडलेल्या वस्तूंतून काही वस्तू अशा निवडायच्या की कोणत्याही दोन लगतच्या नसाव्यात, हे एवढे मोजता आले की बाकीचे सारे कपात-परतफेडीच्या रीतीने निघते.

आणि तरीही अनेक वर्षे या प्रश्नाची ख्याती 'अवघड' अशीच राहिली. १९८६ मध्ये केनेथ बोगार्ट आणि पीटर डॉइल या दोन अमेरिकन गणितज्ञांनी एका लहानशा लेखात दाखवले की अवघडपण प्रश्नात नव्हतेच. ते 'आधी स्त्रियांना बसवा' या शिष्टाचारात होते. जी माणसे रिवाज म्हणून आधी बसवली, त्यांच्यामुळे उरलेल्यांचा हिशोब गुंतागुंतीचा झाला. कोणालाच आधी बसवू नका, हिशोब सरळ होतो.

त्यांची रीत आम्ही आपल्या भाषेत मांडतो. एसटीत जागा धरायला आपण रुमाल टाकतो ना? तसे शेजारशेजारच्या दोन खुर्च्यांवर मिळून एक रुमाल टाकायचा. हा एका जोडप्यासाठी. चार जोडप्यांच्या आठ खुर्च्या वर्तुळात आहेत. एक रुमाल टाकण्याच्या तऱ्हा ८, एकमेकांवर न येणारे दोन रुमाल टाकण्याच्या २०, तीन रुमालांच्या १६, चारांच्या २. आता शिरगणती करू. काहीच मनाई नसेल, फक्त स्त्री-पुरुष एकाआड एक, तर तऱ्हा २ × २४ × २४ = ११५२. कुठले तरी एक जोडपे जवळ बसले आहे असे ठरवून घेतले, तर जोडपे निवडायला ४, रुमालाला ८, विषम-समच्या २, उरलेल्या तीन स्त्रियांच्या ६ आणि तीन पुरुषांच्या ६: मिळून २३०४. दोन जोडप्यांसाठी, जोडपी निवडण्याच्या ६, रुमालांच्या २०, कोणते जोडपे कोणत्या रुमालावर याच्या २, विषम-समच्या २, उरलेल्यांच्या २ × २: मिळून १९२०. याच चालीने तीन जोडप्यांचे ७६८ आणि चारांचे ९६. मग नेहमीप्रमाणे कापा आणि परत द्या: ११५२ − २३०४ + १९२० − ७६८ + ९६ = ९६. वर सुपाऱ्या मांडून मिळाले होते तेच. या हिशोबात स्त्री आधी नाही, पुरुषही आधी नाही. आधी खुर्च्या मोजल्या आहेत.

लेखाच्या मथळ्यातच त्यांनी म्हटले होते की ही स्त्री-पुरुष भेद न मानणारी उकल आहे. काही जण याला थट्टा समजतात. आम्ही समजत नाही. रिवाजाने आखलेल्या ओळीतून विचार करण्याची सवय गणितासारख्या शास्त्रातही किती काळ टिकते, त्याचा हा छापील पुरावा आहे.

आता पंगतीचे जे मागे ठेवले होते ते. आपल्याकडे कोणी कोणाच्या शेजारी बसू नये याचे नियम जेवणापुरते नव्हते. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खाते अस्पृश्य मानलेल्या कामगारांना बंद होते. धोट्यातली कांडी संपली की नवीन कांडीचा धागा तोंडाने ओढून धोट्याच्या भोकातून काढावा लागे. तिथे विटाळ आड आला. विणकामात मजुरी जास्त, सूतकामात कमी. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही बंदी उठवण्याची मागणी संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवली. ज्या चळवळीत आमची उमर गेली, तिच्या पुढाऱ्यांना ती मागणी आपणहून सुचली नव्हती, हे इतिहास सांगताना झाकता येणार नाही.

हिशोब करून पाहा. चार कामगार, चार जागा. दोन विणकामात, दोन सूतकामात. कोणावर बंदी नसेल तर २४ तऱ्हा. दोघांवर विणकामाची बंदी घाला. ते दोघे सूतकामात, याच्या २ तऱ्हा. आणि म्हणून बाकीचे दोघे विणकामातच, याच्या २. मिळून ४. चोवीसाच्या चार झाल्या. बंदी दोघांवर घातली, निवड चौघांची आटली. पण एवढ्यावरून 'बंदीने सगळ्यांचेच सारखे नुकसान' असे कोणी सांगू लागेल तर ते खोटे आहे. ज्यांची निवड आटली त्यांतल्या दोघांना जास्त मजुरीची जागा मिळाली आणि दोघांना कमीची. ही रीत तऱ्हा मोजते, मजुरी मोजत नाही. मजुरी मोजायला दुसरा कागद घ्यावा लागतो.

ल्यूकाच्या टेबलाचे शेवटचे आकडे सांगतो. दहा जोडप्यांना बसवण्याच्या तऱ्हा ३१,९१,८३,४४,१९,२०० होतात, म्हणजे तीन लाख एकोणीस हजार कोटींच्या वर. एवढा मोठा आकडा पाहून वाटेल की अट असून नसल्यासारखी आहे. तसे नाही. चार जोडपी असताना, स्त्रिया बसल्यावर पुरुषांना बसवण्याच्या २४ तऱ्हांपैकी २ चालतात, म्हणजे शेकडा ८ हून थोड्या जास्त. दहा जोडपी असताना ३६,२८,८०० पैकी ४,३९,७९२ चालतात, शेकडा सुमारे १२. टेबल वाढवत गेलात, या सभागृहाएवढे केलेत, गावाएवढे केलेत, तरी हे प्रमाण शेकडा साडेतेराच्या किंचित वर, १३.५३ च्या आसपास जाऊन ठरते. त्यापुढे ते वाढत नाही.